यांनी येथे जीव दिला

चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. रुमालाची येते, उशीच्या अभ्र्याची येते, फार तर टॉवेलची येते. पण दवाखान्याच्या पलंगावरची ती लांबरुंद चादर म्हटली की समोर दुसरं माणूस लागतंच. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, एक झटका द्यायचा, ताणायची, दुमडायची आणि मग एकीनं चालत दुसरीकडे जायचं. कोपऱ्याला कोपरा लागतो तेव्हा बोटांना बोटं लागतात. दवाखान्यांचे कपडे धुणाऱ्या त्या वाफेच्या कारखान्यात ही बाई तरुणपणापासून हेच काम करत होती. तिनं रचलेल्या थप्पीतली एक कड कधी बाहेर डोकावली नाही, म्हणून तिचं नाव घडी पडलं. तिच्यासमोर उभी राहणारी बाई उंच आणि काटकुळी. वरच्या फळीवरचा माल ती हात वर करून काढायची, म्हणून ती शिडी. दोघींची जोडी अशी, की एक दिसली नाही तर मुकादम दुसरीला रागवायचा.

घडीचा नवरा त्याच कारखान्यात बॉयलरवर होता. तोंडाचा फटकळ, मनाचा निर्मळ. थंडीत बायकांचे हात गारठायचे, तेव्हा कुणी न सांगता गरम पाण्याची बादली दारात आणून ठेवायचा आणि वर म्हणायचा, “घ्या राण्यांनो, तुमच्या बापानं पाठवलीय.” बायका शिव्या द्यायच्या आणि हात बुडवायच्या.

बॉयलरला एक झडप असते. आत वाफ प्रमाणाबाहेर वाढली की ती आपोआप उघडते आणि जास्तीची वाफ सोडून देते. त्या वेळी शिट्टीसारखा कर्कश आवाज होतो, वाफ वाया जाते आणि काम थोडं खोळंबतं. मालकांना ती शिट्टी म्हणजे पैसे उडाल्याचा आवाज वाटायचा. त्यांनी झडपेवर एक लोखंडी वजन लटकवायला लावलं. शिट्टी बंद झाली. नवऱ्यानं वजन काढलं. मालकांनी पुन्हा लावलं. असं बरेच दिवस चाललं होतं.

“बॉयलर तुझ्या बापाचा नाही,” मालक म्हणाले.

“कुणाच्याही बापाचा असो मालक, फुटताना तो विचारून फुटणार नाही,” नवरा म्हणाला.

एका दुपारी तो मालकांच्या खोलीतून तडातडा बाहेर आला. घड्यांच्या खोलीतून जाताना दारात वळला आणि मागं बघून मोठ्यांदा काहीतरी बोलला. पलीकडं धुण्याची पिंपं घडघडत फिरत होती, खोलीभर वाफ होती. एका टोकाला चादर धरून घडी उभी होती, दुसऱ्या टोकाला शिडी. घडीला काहीच नीट ऐकू आलं नाही. तिनं संध्याकाळी घरी विचारलं, “काय ओरडलात हो एवढं?” तो म्हणाला, “सांगून आलो. म्हटलं, जीव जाईल कुणाचा तरी. नाही ऐकलं.” मग तो पाणी प्यायला आणि कूस बदलून झोपला. घोरलाही. हे घोरणं घडी पुढं आयुष्यभर लोकांना सांगत आली.

दुसऱ्या दिवशी बॉयलर फुटला. नवरा गेला. पिंपांपाशी काम करणारी माणसं गेली, त्यांत शिडीची धाकटी बहीण होती. शिडीनंच तिला नुकतं कामाला लावलं होतं. घड्यांच्या खोलीची भिंत तेवढी टिकली. धूळ खाली बसली तेव्हा या दोघी चादरीचे कोपरे धरून उभ्याच होत्या. मध्ये चादर होती, पण ती पांढरी राहिली नव्हती.

चौकशी झाली. मालकांचा वकील गोड बोलणारा होता. त्यानं शिडीला विचारलं की आदल्या दिवशी बॉयलरवाला काय म्हणाला. शिडी बहिणीला माती देऊन आली होती, डोळे सुजलेले. ती म्हणाली, “जीव देईन म्हणाला.”

झालं. गड्यानं रागाच्या भरात स्वतःच काहीतरी केलं, असं ठरलं. झडपेवरच्या वजनाचं नाव कुणी काढलं नाही. वजन सापडलंच नाही. घडीनं आपलं सांगून पाहिलं, “जीव जाईल म्हणाले होते, देईन नव्हे.” पण नवऱ्याच्या बाजूनं बोलणारी बायको म्हणजे वकिलाच्या दृष्टीनं घरचीच साक्ष. गावाला तर आयतं कोलीत मिळालं. “स्वतः जीव दिला तो दिला, बरोबर बाकीच्यांनाही घेऊन गेला.” घडीच्या लेकीला शाळेत पोरी भट्टीची पोर म्हणायच्या. शिडीनं घडीशी बोलणं टाकलं. समोरून आली तर रस्ता ओलांडायची. उंच असल्यामुळं तिला घडी लांबूनच दिसायची, त्यामुळं ओलांडायला वेळ भरपूर मिळायचा.

घडीनं मग घरी इस्त्रीचं काम धरलं. शर्ट, पँट, पोरांचे गणवेश. कुणी चादर आणली की म्हणायची, “चादर नको बाई. माझे हात पुरत नाहीत.” लोकांना वाटायचं, बाई बुटकी आहे म्हणून.

लेक मोठी झाली, शिवणकाम करू लागली. आईला कपडे द्यायला-घ्यायला तिचीच मदत व्हायची. थोरले मालक म्हातारे होऊन अंथरुणात गेले. सगळे म्हणाले, काय शांत मरण आलं. त्यांच्या मुलानं, म्हणजे धाकट्या मालकांनी, कारखान्याची पडकी जागा साफ करून तिथं दुकानांची इमारत बांधायला घेतली. जागेबद्दल लोक चांगलं बोलत नव्हते, गाळे उचलले जात नव्हते. तेव्हा कुणीतरी सुचवलं, गेलेल्यांचं कोपऱ्यात एक स्मारक करा. सगळ्यांना पटलं. समिती झाली. अध्यक्ष म्हणून शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. माणूस खरंच भला. शब्दांवर प्रेम करणारा.

त्या शब्दप्रेमानंच घात केला. मास्तरांनी आधी लिहिलं होतं, ‘यांनी येथे प्राण दिले.’ मग त्यांच्या मनात आलं, साध्या कष्टकरी माणसांचं स्मारक आहे, भाषा साधी हवी, त्यांच्या घरातली हवी. म्हणून त्यांनी प्राण काढून तिथं जीव घातला.

अनावरणाच्या दिवशी घडीला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. दगडावर पांढरी चादर टाकलेली. घडीच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर इस्त्री कच्ची आहे. धाकट्या मालकांनी चादर ओढली, टाळ्या झाल्या. चादर चौथऱ्यावरून घसरून मातीत पडली. घडी सवयीनं उठली आणि तिनं दोन कोपरे उचलले. उचलल्यावर बघते तर समोरचे दोन कोपरे कुणीतरी धरलेले. शिडीनं. तिचीही ती सवयच. दोघींनी झटका दिला, ताणली, दुमडली. शिडी चालत पुढं आली. बोटांना बोटं लागली. तेवढ्यात शिडीच्या लक्षात आलं, आपण कुणासमोर आहोत. तिनं कोपरे घडीच्या हातात कोंबले आणि ती मागं गर्दीत गेली. फोटोवाल्यानं नेमका तेवढाच फोटो टिपला. पेपरात खाली छापलं होतं, ‘दुःख एकत्र आणते.’

घडी ती दुमडलेली चादर छातीशी धरून दगड वाचायला लागली. वाचन तिला सावकाश यायचं, एकेक अक्षर पायाखाली घेत. वर मोठ्या अक्षरांत धाकट्या मालकांचं नाव, त्यांच्या वडिलांच्या स्मरणार्थ. त्याखाली गेलेल्यांची नावं, बारीक. शेवटून दुसरं शिडीच्या बहिणीचं. अगदी शेवटी तिच्या नवऱ्याचं. आणि त्याच्याच पायाशी ती ओळ, ‘यांनी येथे जीव दिला.’

आपल्या भाषेची एक गंमत आहे. ‘यांनी’ म्हणजे सगळ्यांनीही होतं आणि मान देऊन बोललेल्या एकट्यानंही होतं. वरून वाचत आलं तर सगळ्यांनी. पण खालून, जवळ जाऊन, म्हातारीसारखं एकेक अक्षर वाचलं तर तिच्या नवऱ्याचं नाव आणि त्यापुढं लगेच, यांनी येथे जीव दिला. गाव इतकी वर्षं तोंडानं बोलत होतं. आता दगडावर लिहून मिळालं.

दुसऱ्या दिवशी ती मास्तरांकडे गेली. मास्तरांनी खुर्ची दिली, चहा दिला.

“मास्तर, नदीत उडी टाकणाऱ्यानं जीव दिला म्हणतात आमच्यात.”

“बाई, शब्दाला संदर्भ असतो. सैनिक देशासाठी जीव देतो, तसं घ्यायचं हे.”

“सैनिक लढायला जातो. हे कामावर गेले होते. डबा घेऊन गेले होते. जीव द्यायला निघालेला माणूस डबा नेतो का?”

मास्तरांनी मान हलवली, पण वाईट वाटून नव्हे. वाक्य त्यांना आवडलं. पुढं एका भाषणात त्यांनी ते वापरलंही. “आधी प्राणच होतं,” ते म्हणाले. “तुम्हाला आपलं वाटावं म्हणून सोपं केलं.”

“आमच्यासाठी कशाला त्रास घेतलात,” घडी म्हणाली आणि कप तसाच ठेवून उठली.

मग ती अक्षरं खोदणाऱ्या पाथरवटाकडं गेली. तो दगडाच्या धुळीनं पांढरा झालेला, कानावर पेन्सिल. त्यानं ऐकून घेतलं आणि हसला. “दगड म्हणजे पाटी नाही आजी, पुसून लिहायला. बरं, ‘दिला’ उडवून ‘गेला’ केलं, तर वाक्य काय होईल? यांनी जीव गेला. लोक मला हसतील. अख्खी ओळ उडवावी लागेल. समितीला सांगा, मी उद्या येतो.”

समिती म्हणजे शेवटी धाकटे मालकच. ते इमारतीच्या कोऱ्या गाळ्यात उभे होते, भिंतींना अजून रंगाचा वास. “आजी, तुमच्या भावना समजतात मला. पण एक सांगू? बॉयलरवाल्याचं नाव घालूच नका म्हणणारी माणसं होती समितीत. मी म्हटलं, घाला. शेवटी का होईना, घाला.”

“शेवटीच घातलंत,” घडी म्हणाली.

त्यांना वाटलं, ती आभार मानतेय. त्यांनी हात जोडले.

लेक म्हणाली, “आई, सोड ना. दगड कोण वाचतंय? लोक त्याच्यावर पिशव्या ठेवतात.”

“पिशवी उचलताना वाचतील.”

“वाचले तर वाचले.”

“तुझ्या बापाचं नाव आहे गं त्याच्यावर. तुझ्या पोरांची पोरं वाचतील. माझ्यानंतर कोण सांगणार त्यांना, की आदल्या रात्री घोरत होता म्हणून?”

लेकीनं शिलाई मशीनचं पायडल मारलं.

तेव्हापासून घडी सकाळची इस्त्री उरकली की स्मारकापाशी जायची. चौथऱ्यावर बसायची आणि दगडाला पाठ टेकायची, अशी की तिची पाठ ओळीच्या शेवटावर यायची आणि डोकं शेवटच्या नावांसमोर. बस्स. एवढंच तिचं काम. ऊन आलं तरी हलायची नाही. कुणी दगडाजवळ रेंगाळलं तर खांदे जरा रुंद करायची.

गावाला हे फार आवडलं. “काय निष्ठा आहे म्हातारीची! रोज येऊन बसते नवऱ्यापाशी.” बाया येता-जाता नमस्कार करू लागल्या. ज्या तोंडांनी भट्टीवाला म्हणून शिव्या घातल्या होत्या, त्यांतलीच काही तोंडं आता चुकचुकत होती. मास्तर पाहुण्यांना घेऊन यायचे, लांबूनच हळू आवाजात म्हणायचे, “स्मारकाचा अर्थ पुस्तकात नाही, तिथं बसलाय.” घडीला ऐकू यायचं. तिला मनातून वाटायचं, अर्थच बसलाय खरा, नीट झाकून.

गाळे मात्र सगळे गेले.

एका दुपारी समोर लांबलचक सावली पडली. घडीनं वर बघायच्या आधीच ओळखलं.

“सरक,” शिडी म्हणाली.

इतक्या वर्षांनी बोललेला हा पहिला शब्द.

“का?”

“का म्हणजे? माझ्या बहिणीचं नाव आहे तिथं. मी आले की तुझं बोडकं डोकं मध्ये. ती काय तुझ्या नवऱ्याची खासगी जागा आहे? मेली तेव्हाही त्याच्यामुळंच, आता दिसायची नाही तीही तुझ्यामुळंच.”

घडी जागची हलली नाही. “तू सांगितलंस म्हणून हे दगडावर आलं. मी पाठीनं पुसतेय. तुझी साक्ष पुसतेय मी रोज.”

“मी काय खोटं बोलले?”

“तू सांग. काय ऐकलंस तू त्या दिवशी?”

शिडीनं इकडंतिकडं पाहिलं, जणू तो वकील अजून कुठं उभा असेल. “पिंपं फिरत होती,” ती म्हणाली. “मला ‘जीव’ ऐकू आलं. पुढचं नाही आलं. साक्षीच्या आधी वकिलानं बाजूला घेऊन विचारलं, जीव देईन म्हणाला का? मी म्हटलं, हो. माझी बहीण गेली होती. मला कुणीतरी पाहिजे होतं.”

“आणि तुला माझा नवरा मिळाला.”

“मालक कसा मिळणार होता मला?”

यावर घडीला हसू आलं. ते चांगलं हसू नव्हतं. “हे मास्तरांना सांगशील? चार माणसांत?”

“आता?” शिडी म्हणाली. “नातवाला धाकट्या मालकांनी खालच्या दुकानात लावून घेतलंय. आता सांगून ती परत येणार आहे का? की तुझा येणार आहे?” आणि पुन्हा म्हणाली, “सरक ना गं.”

घडी सरकली. शिडीनं वाकून बहिणीच्या नावावरून अंगठा फिरवला, चादरीची चुणी काढतात तसा. घडीनं तोवर दुसरीकडं पाहिलं. शिडी गेल्यावर ती परत जागेवर बसली, पण त्या दिवशी पाठीला दगड टोचत राहिला. जे झाकायचं, ते झाकून राहिलं की मालकांचंच सोयीचं, हे तिला आत्ता कळत होतं. कुणी वाचलंच नाही तर कुणी विचारणार तरी काय?

बॉयलर फुटला त्या तारखेला गेलेल्यांच्या स्मरणाचा कार्यक्रम ठेवला होता. खुर्च्या, माईक, फुलं. मास्तर बोलले, धाकटे मालक बोलले. मग मास्तर म्हणाले, “आता आजींनी दोन शब्द बोलावेत. बसूनच बोला, आजी, तुमच्या जागेवरूनच.”

घडी उठली. उठली आणि बाजूला झाली. दगड सगळ्यांना दिसला.

“वाचा,” ती म्हणाली. माईक तिच्या उंचीला फार वर होता, आवाज निम्मा हवेत गेला. “खालची ओळ वाचा. माझ्या नवऱ्यानं जीव दिला नाही. कुणीच दिला नाही. गेला. सगळ्यांचा गेला. झडपेला वजन होतं. ते म्हणाले होते, जीव जाईल म्हणून.” तिनं गर्दीत शिडीकडं पाहिलं. शिडी सगळ्यांच्या वर दिसत होती. “आणखी कुणीतरी ऐकलंय.”

शिडीनं तोंड उघडलं. मग तिनं खाली दुकानाच्या दारात उभ्या नातवाकडं पाहिलं आणि तोंड मिटलं.

मास्तरांचे डोळे भरून आले होते. त्यांनी माईक जवळ घेतला. “ऐकलंत? जीव दिला नाही, गेला! दुःख किती साधं बोलतं!” आणि त्यांनीच टाळ्या सुरू केल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. धाकट्या मालकांनी सगळ्यांत जास्त. घडी हात हलवून थांबा थांबा म्हणत होती, तर लोकांना वाटलं, म्हातारी संकोचली.

माणसं पांगली. खुर्च्या एकात एक घालून टेम्पोत चढल्या. घडी पुन्हा चौथऱ्यावर बसली, पाठ टेकून. कुठं जाणार?

थोड्या वेळानं शिडी आली आणि न विचारता तिच्या उजव्या हाताला बसली. दगडाला पाठ टेकली.

“टाळ्या वाजवल्या गं मेल्यांनी,” घडी म्हणाली.

“वाजवणारच. त्यांना हात आहेत.”

“तू नाही बोललीस.”

“नाही बोलले.”

“मग इथं कशाला आलीस बसायला? तुझ्या बहिणीचं नाव आता तुझ्याच डोक्याआड गेलं.”

“माहितीये मला,” शिडी म्हणाली. तिनं पाठ जरा डावीकडं सरकवली, मग जरा वर, बेतानं, कोपरा जुळवतात तशी. “तुझी पाठ लहान आहे. ‘दिला’ झाकलं जातं तुझ्यानं. ‘जीव’ नाही झाकलं जात. लांबून दिसतं.”